मारुतीच्या कमरेला

खरं तर बातमी पाच शब्दांची होती:
पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं.

नाशकात एवढं पुरतं.
गुडघ्याला म्हणजे घाटावरच्या टपऱ्या उचला,
कमरेला म्हणजे भांडीबाजार आवरा,
छातीला म्हणजे बोलत बसू नका.
क्युसेक इथे कुणाला कळत नाही,
मारुती कळतो.

पण पाच शब्दांत जाहिरात कुठे बसवायची?
पुष्कराज म्हणाला, आठशे कर.
पुष्कराज वाईट माणूस नाही.
कॅनडा कॉर्नरच्या दुसऱ्या मजल्याचं भाडं,
सहा जणांचे पगार, त्यात माझा,
त्या चौकोनांतूनच येतात:
दोन परिच्छेदांनंतर एक,
पुढे आणखी एक,
मग पडदाभर एक
आणि त्याची फुली मोहरीएवढी.

मी लिहायला बसले.
‘मारुतीचं हे दृश्य पाहून तुम्हीही...’
तीन टिंबं. आमचं दुकान त्या टिंबांवर चालतं.
मग गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते, हे लिहिलं,
जणू नाशिककरांना ते नवंच.
मग मारुतीला दोन तोंडं का.
मग ‘चला तर, जाणून घेऊया’.
मग मागचे पूर, मग पुन्हा ‘चला तर’.
कमर ढकलत ढकलत
सातव्या परिच्छेदात नेली.
साडेचार वाजले.

तेव्हा भांडीबाजारात बन्सीकाका तांबट
चष्मा कपाळावर, फोन नाकाशी धरून उभे होते.
त्यांना एकच शब्द हवा होता,
गुडघा की कमर.

उगम आला.
प्रेशर कुकर आला, तोही भांडीवाल्याला.
दोन तोंडं आली.
मग ‘गुडघा’ दिसला, ठळक, लाल,
आणि काकांचा जीव भांड्यात पडला.
नीट पाहिलं तर दुखीवरचं तेल.
फुली दाबायला गेले.
चाळीस वर्षं तांबं ठोकलेलं बोट ते,
मोहरी कुठून सापडणार,
तेलच उघडलं.
मागे आले तर पुन्हा पहिल्यापासून,
पुन्हा ब्रह्मगिरी.

फोन गल्ल्यात टाकला,
पायजमा खोचला
आणि गेले स्वतः उतारावरून खाली.
मारुती काही न दाबता दिसत होता.
पाणी तोवर कमरेच्या चार बोटं वर.

घंगाळं माळ्यावर चढली.
खालच्या फळीवरचे बंब राहिले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मिसळ आली.
‘दोन मिनिटं चाळीस सेकंद!
एवढा वेळ आपल्या पानावर
आजवर कुणी थांबलं नव्हतं!’
पुष्कराजला खरंच आनंद झाला होता.
त्या रकान्याला आम्ही गुंतणं म्हणतो.
चिखलात पाय गुंततो, ते त्याच रकान्यात जातं,
वेगळं दाखवायची सोय नाही.
टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.
रस्सा तिखट होता, डोळ्यांत पाणी आलं
तरी कुणी विचारलं नाही.

हे सगळं काकांनीच सांगितलं,
दिवाळीच्या आधी
आईच्या घंगाळाला डाग द्यायला नेलं तेव्हा.
मी कुठे काम करते, त्यांनी विचारलं नाही.
मीही आपण होऊन सांगितलं नाही.
‘पाणी तिसऱ्या दिवशी ओसरलं गं,’ ते म्हणाले,
‘ताडपत्री नाही ओसरली.
त्या दुपारी एकदाच शोधली होती फोनवर,
अजून रोज येते.
नातवाचा फोटो बघायला गेलो, तरी आधी ताडपत्री.’

हातोडी थांबली.
घंगाळ उजेडाकडे धरून
त्यांनी तळ नीट पाहिला, अंगठा फिरवला,
बराच वेळ,
आणि मध्ये काहीच आलं नाही.

‘किती झाले काका?’
‘दीडशे.’